काळी काच आणि किरण अडवणारी काच

ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, झालेल्या माणसाला डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितले की घरच्यांना गाडीच्या काचा आठवतात आणि त्या काळ्या करून घ्याव्यात असे सगळ्यांनाच वाटू लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांत वैद्यकीय कारणासाठी नेहमीपेक्षा गडद फिल्म लावण्याची सवलत मिळत असल्यामुळे तिथे हा उपाय कायद्यातही बसतो. मात्र काचेचा काळेपणा आणि अतिनील किरण अडवण्याची तिची क्षमता हे दोन निराळे गुण आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर रुग्णाला सवलत मिळूनही संरक्षण मिळेलच याची खात्री राहत नाही.

काळेपणा मोजतात तो व्हीएलटी या टक्केवारीने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती भाग काचेतून आत येतो यावरून. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी काच गडद. अतिनील (यूव्ही) किरण ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे असतात आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत. साहजिकच फिल्म ते किती अडवते हे तिच्या रंगाकडे पाहून ओळखता येत नाही. ते तिच्यातील किरण शोषणाऱ्या द्रव्यांवर ठरते, आणि ही द्रव्ये जवळपास पारदर्शक फिल्ममध्येही घालता येतात.

गाडीच्या मूळ काचांतही हा फरक आढळतो. पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून बनवलेली असते, तर बाजूच्या काचा बहुधा एकेरी, टफन्ड (तापवून मजबूत केलेल्या) असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ गाड्या तपासल्या गेल्या, तेव्हा पुढच्या काचांनी सरासरी ९६ टक्के यूव्हीए, म्हणजे जास्त तरंगलांबीचे अतिनील, किरण अडवले, पण बाजूच्या काचांनी सरासरी ७१ टक्केच, आणि एखाद्या गाडीत तर जेमतेम ४४ टक्के. थोडक्यात, ज्या काचेला हात टेकून आपण तासन्‌तास बसतो, तीच सर्वांत कच्ची असू शकते.

आता रुग्णाला कोणता प्रकाश बाधतो, हे पाहावे लागते. झेरोडर्मा पिगमेंटोसम या उन्हाने त्वचेला इजा होणाऱ्या आनुवंशिक आजारात आणि ल्यूपसच्या बहुतेक रुग्णांमध्ये मुख्य शत्रू अतिनील किरण असतात, म्हणून त्यांना यूव्ही अडवणारी पारदर्शक फिल्म बऱ्याच अंशी पुरते. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरियात (पॉर्फिरिया गटातल्या एका आनुवंशिक आजारात) मात्र त्वचेची आग होते ती प्रामुख्याने ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशाने, आणि तिथे केवळ यूव्ही फिल्म अपुरी पडते. अर्धशिशीमुळे किंवा डोळ्यांच्या विकारामुळे ज्यांना उजेडच सोसत नाही, त्यांना खऱ्या अर्थाने गडद काच लागते. अल्बिनिझममध्ये, म्हणजे त्वचेत व डोळ्यांत रंगद्रव्य कमी असताना, त्वचेसाठी एक आणि डोळ्यांसाठी दुसरी, अशा दोन्ही गरजा एकाच व्यक्तीत असतात. न्यूयॉर्कमध्ये पुढच्या आसनांशेजारच्या काचांना किमान ७० टक्के व्हीएलटीची अट आहे. तिथल्या सवलतीच्या यादीत ल्यूपस, पॉर्फिरिया, अल्बिनिझम आणि प्रकाश न सोसणारे डोळे हे सारे शेजारीशेजारी दिसतात. म्हणूनच डॉक्टरांच्या पत्रात रोगाच्या नावासोबत कोणता प्रकाश टाळायचा आहे, हेही लिहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने हा भेद सर्वांत नीट ओळखला आहे, असे मला वाटते. तिथे यूव्हीए अडवणारी, रंगहीन आणि किमान ८८ टक्के प्रकाश आत सोडणारी फिल्म पुढच्या आसनांशेजारच्या काचांना कोणीही लावू शकतो. तिला डॉक्टरांचे पत्र लागत नाही. सावलीची गरज असलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे: किमान ३५ टक्के प्रकाश आत सोडणारा, पण सहज काढता येणारा पडदा, सोबत डॉक्टरांचे पत्र, आणि अंधारात वापरण्यास बंदी. ही शेवटची अट फार मोलाची आहे, कारण चिकटवलेली गडद फिल्म सूर्य मावळला तरी काचेवरच राहते, आणि रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला उशिरा दिसतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर सरसकट बंदी घातली, तेव्हा सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी. रुग्णांसाठी तशी सूट नियमातही नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या डॉक्टरांचे पत्र पुण्यात पोलिसांना दाखवून उपयोग नाही. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रकाशाची ही मर्यादा पाळणारी प्रमाणित सेफ्टी ग्लेझिंग फिल्म चालेल, असा निर्णय दिला. त्याने ल्यूपसच्या रुग्णाला दिलासा मिळू शकतो, कारण त्याला काळोख नको, किरण अडवायला हवे आहेत. ज्याचे डोळे उजेडाने दिपतात, त्याच्यासाठी मात्र या ५० टक्क्यांच्या रेषेपलीकडे काहीच नाही. दिवसापुरती, काढता येणारी आणि डॉक्टरांच्या पत्राशी बांधलेली सवलत नियम १०० मध्ये त्याच्यासाठी यावी, असे मला मनापासून वाटते.