कंबरदुखीवरील व्यायामोपचार

तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळलेल्या कंबरदुखीवर, रुग्णाची ताकद पाहून बेताबेताने वाढवत नेलेला नियमित व्यायाम म्हणजे व्यायामोपचार. उसण भरणे हे प्रकरण वेगळे. ती बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपसूक उतरते. पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेण्याच्या उपायाचे यशही त्यातच आहे.

जुनाट कंबरदुखीत बहुतेक वेळा एका नेमक्या कारणावर बोट ठेवता येत नाही. एमआरआयच्या अहवालात दोन मणक्यांमधली 'गादी झिजली' असे वाचले की माणूस धास्तावतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार, कंबर अजिबात दुखत नसलेल्यांतही विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. खरे नुकसान धास्तीने होते. वाकणे बंद, बादली उचलणे बंद, मांडी घालून बसणे बंद. स्नायू दुबळे होतात, मग जरासे वाकले तरी दुखते आणि भीती खरी वाटू लागते. व्यायाम झिजलेली गादी भरून काढत नाही, तो हे चक्र उलटे फिरवतो.

कोणता व्यायाम, यावरचा वाद जुना आहे. अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी १९३७मध्ये गुडघे पोटाशी घेण्यासारखे, पुढे वाकण्याचे प्रकार सांगितले. १९५६मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांचा एक रुग्ण, डोक्याची बाजू उंच राहिलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटे गेली आणि त्याचे पायातले दुखणे थांबले. मॅकेंझींची पद्धत तिथून सुरू झाली. भुजंगासनासारखे मागे झुकणे तिच्यात बरेच येते. एकाने पुढे वाकवले, दुसऱ्याने मागे, आणि दोघांनाही अनुयायी मिळाले.

आज सर्रास दिला जाणारा एक प्रकार असा: सतरंजीवर हात-गुडघे टेकून घोडा व्हायचे, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ ताणायचा, पाच-दहा सेकंद थांबून बाजू बदलायची. कंबरेवर पाण्याची वाटी ठेवली आहे असे समजायचे. सुरुवातीला बहुतेकांची वाटी सांडते. करताना थोडे दुखले तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिले तर आवर्तने कमी करतात. मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, ताप किंवा वजन घटणे अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टर गाठावा. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही.

फायदा माफक आहे, पण खरा आहे. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत वेदना १००पैकी सुमारे १५ अंकांनी कमी भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत व्यायामाची शिफारस आहे. घरोघरी दिसणारा कंबरेचा पट्टा आणि वजने लटकवून दिलेला ताण यांचा मात्र सरसकट वापर करू नये, असे ती सांगते.

अडचण पुढेच येते: दुखणे थांबले की सतरंजी गुंडाळून माळ्यावर जाते. चालण्याला सतरंजीही लागत नाही. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणीत (२०२४), चालण्याचा कार्यक्रम आखून दिलेल्या गटात निम्म्या लोकांचे दुखणे परतायला २०८ दिवस लागले, इतरांत ११२.