गॅस शेगडी काढावी लागणार? नाही!

‘घरातला गॅस बंद, इंडक्शन सक्तीचं’ असा मेसेज ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत फिरतो. असा नियम आपल्याकडे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातला २०२३ चा नियमही नव्या गॅस गीझर-हीटरच्या विक्रीपुरता आहे. घरातलं चालू उपकरण काढायला तो सांगत नाही.

स्वखुशीने बदलणार असाल, तर खरी अडचण वायरिंगची. २००० वॅटचं इंडक्शन जवळपास ९ अँपिअर ओढतं. मिक्सरच्या ६ अँपिअर सॉकेटला ते लावलं की आतली पत्ती तापून सैल होते, पिन काळी पडते, शेवटी प्लास्टिक वितळतं. अडॅप्टर लावून भागवू नका, धोका तसाच राहतो. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), तिथपासून सॉकेटपर्यंत निदान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि चालू अर्थिंग हवंच. बिलावरचा मंजूर भार कमी असेल, तर महावितरणकडे आधी वाढवून घ्या.