सहावा महिना की सहा महिने? बाळाच्या पहिल्या घासाच्या वादाची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत बाळाला पाच महिने झाले की एक वाद ठरलेला. आजी म्हणते, "सहावा लागला, आता उष्टावण करून टाका, मामाला चांदीची वाटी आणायला सांगा." आई म्हणते, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध, दवाखान्यात तसंच सांगितलंय." पुण्याला राहणारी आत्या फोनवर तिसरंच सांगते, तिच्या डॉक्टरांनी चार महिन्यांनंतर चालेल म्हटलंय. बाळाच्या बाबतीत जेवढे वाद होतात, त्यात हा मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो. त्यात कडवटपणाही फार येतो, कारण प्रत्येकीला समोरची बाळाचं नुकसान करते आहे असं वाटत असतं. या तिघींचे आकडे वेगवेगळ्या काळांतून आले आहेत.

आजीचा आकडा सर्वांत जुना. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, अन्नप्राशन "षष्ठे मासि", म्हणजे सहाव्या महिन्यात, सांगितलं आहे. पुढे मुलासाठी सम महिना, म्हणजे सहावा किंवा आठवा, आणि मुलीसाठी विषम, म्हणजे पाचवा किंवा सातवा, अशी वाटणी रूढ झाली. ती आजही अनेक घरांत पाळली जाते. या मोजणीत महिना "लागतो". तो भरण्याची वाट पाहायची नसते. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

आत्याच्या "चार"ला दोन मुळं आहेत, एक जुनं आणि एक अगदी अलीकडचं. जुनं आधी पाहू. 1970च्या दशकात गरीब देशांत पावडरच्या दुधाची जी जाहिरात चालली होती, तिच्याविरुद्ध जगभर आवाज उठला. 1977 साली अमेरिकेत एका स्विस कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. मे 1981 मध्ये या दुधाच्या विक्रीवर बंधनं घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत 118 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं होतं. भारताने 1983 मध्ये स्वतःची संहिता काढली आणि 1992 च्या डिसेंबरात कायदा केला. तो 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नको, दुधाच्या पावडरची आणि बाटलीची जाहिरात नको, असे त्याचे नियम आहेत. कायदा चांगलाच होता. पण त्याच्या व्याख्येत वरचं खाणं सुरू होण्याचं वय "चार महिन्यांनंतर" असंच धरलेलं होतं. त्याआधी 1990 मध्ये इटलीत झालेल्या स्तनपानाविषयीच्या जाहीरनाम्यातही "चार ते सहा महिने" हेच शब्द होते.

चार या आकड्याला बळ देणारी एक गोष्ट वजनाच्या तक्त्यात होती, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 1977 मध्ये निघालेला आणि पुढे जगभर वापरला गेलेला वाढीचा तक्ता अमेरिकेतल्या बाळांवरून काढलेला होता. त्यातला पहिल्या दोन वर्षांचा भाग ओहायो राज्यातल्या बाळांच्या मोजमापांवर उभा होता, आणि ही बाळं बहुतेक बाटलीवर वाढलेली होती. अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं, मग त्याचा वेग थोडा मंदावतो. बाटलीवरच्या बाळाचं तसं होत नाही. त्यामुळे अंगावर पिणारं धडधाकट बाळ त्या तक्त्यावर चौथ्या महिन्यापासून घसरताना दिसायचं. वजन करणारी बाई प्रामाणिकपणे म्हणायची, "दूध पुरत नाही." आईही तेच मनाला लावून घ्यायची. चूक तक्त्याची होती आणि दोष आईच्या दुधाला गेला. कितीतरी बाळंतिणींनी ते शब्द ऐकून अंगावर पाजणं कमी केलं. पाजणं कमी झालं की दूध खरंच कमी होतं, आणि मग ते शब्द खरे ठरायचे.

हे बदललं ते 2001 ते 2006 या पाच-सहा वर्षांत. होंडुरासमध्ये चार महिने भरल्यापासून काही बाळांना वरचं खाणं देऊन आणि काहींना सहा महिन्यांपर्यंत फक्त आईच्या दुधावर ठेवून पाहिलं होतं. लवकर खाणाऱ्या बाळांची वाढ काही जास्त झाली नाही. खाल्लेल्याच्या प्रमाणात ती दूध कमी पीत होती. असे अभ्यास एकत्र पाहून मे 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस "चार ते सहा" वरून "सहा महिने" झाली. 2003 मध्ये तिच्यापुढे कंसात दिवसही लिहिले गेले: 180. त्याच वर्षी आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, "चार"च्या जागी "सहा" आलं आणि ती 1 जानेवारी 2004 पासून लागू झाली. एप्रिल 2006 मध्ये नवा वाढीचा तक्ता आला. त्यासाठी सहा देशांतली सुमारे 8,500 मुलं मोजली होती, त्यांत दिल्लीतलीही होती, आणि बाळं अंगावर पिणारी निवडली होती.

माझा मोठा मुलगा 1999 चा आणि धाकटी 2004 ची. दोघांच्या वेळी सल्ला देणारी व्यक्ती एकच होती. मोठ्याच्या वेळी त्या म्हणाल्या, चार महिने झाले, आता वरणाचं पाणी सुरू करा. धाकटीच्या वेळी म्हणाल्या, सहा महिने पाणीसुद्धा नको. मधल्या काळात काय बदललं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या सासूबाईंनी मात्र सरळ विचारलं, "मग आधी सांगितलं ते चुकीचं होतं का?" त्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं, तर घराघरांतली निम्मी भांडणं झाली नसती असं मला वाटतं. शिफारस बदलली तेव्हा तिचं कारण लोकांपर्यंत पोहोचवलं गेलं नाही. आजच्या आज्या म्हणजे त्या वेळच्या आया. त्यांना "चार" हाच आकडा दवाखान्यात शिकवला गेला होता. त्यांना अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे.

आता मूळ गुंत्याकडे. मराठीत वय सांगायच्या दोन रीती आहेत. एक भरलेल्या महिन्यांची, दुसरी चालू महिन्याची. "सहा महिन्यांचं बाळ" म्हणजे सहा महिने पूर्ण झालेलं. "सहाव्या महिन्यातलं बाळ" म्हणजे पाच भरून सहावा चालू असलेलं. गर्भारपणाचे महिने आपण दुसऱ्या रीतीने मोजतो, "सातवा लागला" म्हणतो, आणि तीच सवय बाळाच्या वयालाही लागते. दवाखान्याच्या भिंतीवर पहिली रीत लिहिलेली असते: सहा महिने फक्त आईचं दूध. ऐकणारी ती आपल्या रीतीने ऐकते: सहावा लागला की घास.

तारखा घालून पाहा. 15 जानेवारीला जन्मलेलं बाळ घ्या. सहावा लागतो 15 जूनला. 180 दिवस भरतात 14 जुलैला. सातवा लागतो 15 जुलैला. म्हणजे शिफारशीतले "सहा महिने" आपल्या बोलण्यातल्या "सातवा लागला" याच्याशी जुळतात, "सहावा लागला" याच्याशी नाही. मुलीचं उष्टावण पाचव्यात केलं तर ते 15 मेपासूनच होऊ शकतं. तेव्हा तिला चारच महिने झालेले असतात, म्हणजे दोन महिन्यांची घाई होते. पण मुलीसाठी रूढ असलेला दुसरा महिना, सातवा, 180 दिवसांशी अगदी नेमका जुळतो. परंपरा मोडायची गरजच नाही, दोन महिन्यांतला योग्य तो निवडायचा. मुलाच्या बाबतीत सहावा थोडा लवकर पडतो आणि आठवा महिनाभर उशिरा. सहाव्याच्या शेवटच्या आठवड्यात विधी ठेवला की कोणाचंच मन दुखावत नाही. बऱ्याच घरांत मामा खिरीचं बोट फक्त ओठांना लावतो आणि खरं भरवणं नंतर सुरू होतं. तिथे तर वादाचं कारणच उरत नाही.

दुसरा निसरडा शब्द "वरचं". वरचं दूध म्हणजे पावडर, गाईचं, शेळीचं. वरचं खाणं म्हणजे पेज, खिचडी, दुधात कुस्करलेली दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी. आणि नुसतं "वरचं" म्हटलं की त्यात पाणीही आलं आणि बाळगुटीही आली. एक बाई "वरचं सुरू केलं" म्हणते तेव्हा तिच्या मनात उगाळलेलं मुरुडशेंग-वेखंड असतं, ऐकणारीला पावडरचा डबा दिसतो. शिफारशीतल्या "फक्त आईचं दूध" या नियमातून डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि जलसंजीवनी एवढ्यालाच सूट आहे. पाण्याला आणि गुटीला सूट नाही.

पाण्याचं खानदेशात वेगळंच. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. आजी कळवळून म्हणते, "पोऱ्याले पानी दे वं माय." तिची काळजी खरी आहे. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं, आणि उष्ण प्रदेशांत झालेल्या अभ्यासांतही बाळाची गरज तेवढ्यावर भागताना दिसली आहे. उन्हाळ्यात बाळ वारंवार मागतं, त्याला वारंवार घ्यायचं आणि पाणी त्याच्या आईने प्यायचं. चमचाभर पाणी दिलं की लहानशा पोटात तेवढी दुधाची जागा जाते, आणि टँकरचं पाणी असलं तर जुलाबाची भीती वेगळी.

आत्याच्या "चार"चं दुसरं मूळ आता सांगतो. युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांनी 2008 मध्ये 17 आठवड्यांआधी नको आणि 26 आठवड्यांपलीकडे लांबवू नका अशी मांडणी केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या प्रयोगात, शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असलेल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना 4 ते 11 महिन्यांच्या वयातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या वयाला त्यांच्यात ॲलर्जी बाकीच्यांपेक्षा जवळपास 80 टक्क्यांनी कमी निघाली. पुण्यातले डॉक्टर हे वाचतात आणि ते चूक नाहीत. पण तो प्रश्न त्या देशांतला आहे, जिथे पाणी स्वच्छ आहे आणि ॲलर्जी फार आहे. आपल्याकडे घाईची किंमत जुलाबात मोजावी लागते. 2023 मध्ये जागतिक मार्गदर्शिका पुन्हा तपासली गेली, तेव्हाही सहा महिने, म्हणजे 180 दिवस, कायम राहिले. शेंगदाणा आपल्या घरात असतोच. सातव्यात बारीक कूट खिचडीत शिजवून दिलं की झालं. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो नको. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको, विधीपुरतंही नको.

एवढं सगळं लवकर देण्याविषयी झालं. उशिराविषयी मात्र कोणी भांडत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगातला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर नुसतं दूध अपुरं पडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 6 ते 8 महिन्यांच्या निम्म्याहून कमी बाळांना वेळेवर घट्ट अन्न मिळत होतं. 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी फक्त 11.3 टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. त्याच पाहणीत सहा महिन्यांपर्यंत फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण 63.7 टक्के होतं. पहिला निरोप पोहोचला, दुसरा नाही. जे मिळतं तेही वरणाचं पाणी किंवा भाताची पेज. चमचा तिरपा केला तरी घसरणार नाही इतकं घट्ट हवं. पातळ पाण्याने पोट भरतं, वजन वाढत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात हे सर्वांत टोचतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर 2016 पासून आदिवासी भागासाठीच्या आहार योजनेत अंगणवाडीतून मुलांना आठवड्याला चार दिवस उकडलेलं अंडं किंवा केळी मिळतात. योजनेच्या कागदावर वय "7 महिने ते 6 वर्षे" असं आहे. पुन्हा तोच गुंता! सातवा लागलेलं की सात भरलेलं? दुसरा अर्थ धरला तर बाळाचा आणखी एक महिना कोरडा जातो. रावेर-यावलमध्ये केळीची खोडं वाऱ्याने आडवी होतात, माल पडून राहतो, आणि लांबच्या पाड्यावर बाळाच्या वाटीत केळं नसतं, हे मला सहन होत नाही.

रजेचाही संबंध आहे. 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 12 वरून 26 आठवडे झाली, म्हणजे 182 दिवस, जवळपास नेमके 180. पण ती पगारदार बाईला. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर मागे 18 उरतात, आणि पाचवा लागताच वरचं सुरू करावं लागतं. कपाशीच्या निंदणीला आणि वेचणीला जाणारीला तर रजाच नाही. बाळ झोळीत बांधावर, मोठी बहीण राखायला, आणि दुपारच्या सुट्टीत एकदा पाजणं. तिला "सहा महिने फक्त अंगावर" असं सांगणाऱ्याने तिच्या मालकालाही काहीतरी सांगायला हवं.

सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो, बाळ त्यांच्यासोबत असतं. श्रावणात जन्मलेलं बाळ माघात सहा महिन्यांचं होतं, तेव्हा ते बारडोलीकडच्या उसाच्या फडात असतं. त्याचं कार्ड गावच्या अंगणवाडीत, त्यावरची वजनाची रेघ कार्तिकात थांबलेली. उन्हाळ्यात ती माणसं परत येतात, वजन होतं आणि रेघ पुन्हा सुरू होते, तेव्हा बाळ नवव्या-दहाव्यात असतं.