रिगिंग बिघडलंय की ट्रॅकिंग? रिगरला शिव्या घालण्याआधी हे बघा

व्हीट्यूबर म्हणजे स्वतःऐवजी आपल्या चेहऱ्याबरोबर हलणारं काढलेलं पात्र दाखवून लाइव्ह स्ट्रीम करणारे, आणि त्या पात्राला म्हणायचं मॉडेल. स्ट्रीम चालू असताना मॉडेलचा डोळा अर्धाच मिटतो, 'आ' म्हटलं तरी तोंड बंदच, मान डावीकडे वळते पण उजवीकडे अडकते, असं काही झालं की सगळ्यांचं एकच ठरलेलं वाक्य, "रिगिंग खराब केलंय यार". मग रिगरला (चित्र हलतं करून देणारा) मेसेज, तो म्हणतो माझ्याकडे तर नीट चालतंय, आणि दोघांचीही डोकी गरम. याच्या उलटही चालतं बरं का. लोक वेबकॅम बदलतात, रिंग लाइट मागवतात, कोणीतरी घरी हट्ट करून आयफोन घेतं, आणि एवढं करून मॉडेल होतं तसंच ढिम्म. आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर तर हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी नव्याने उगवतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक फेकायची आणि मोकळं व्हायचं.

रिगिंग म्हणजे चित्र हलू शकेल असं करून ठेवणं. आर्टिस्ट पीएसडी (फोटोशॉपची थरांची फाइल) देतो त्यात सगळं सुटं सुटं काढलेलं असतं, वरची पापणी वेगळी, खालची वेगळी, डोळ्याचा पांढरा भाग वेगळा, बुबुळ वेगळं, वरचा ओठ, खालचा ओठ, तोंडाच्या आतला भाग, पुढचे केस, मागचे केस, आणि केसांच्या मागे जे कपाळ दिसत नाही तेसुद्धा रंगवलेलं पाहिजे कारण केस हलले की ते उघडं पडणार. हे सगळं लाइव्हटूडी क्युबिझम एडिटरमधे जातं (जपानी कंपनीचं सॉफ्टवेअर, टूडी मॉडेलसाठी सध्या बहुतेक सगळे हेच वापरतात), तिथे प्रत्येक तुकड्याचा आर्टमेश होतो, म्हणजे त्यावर बिंदूंची जाळी बसते, त्यावर वार्प डिफॉर्मर (तुकडा वाकवणारी चौकट) आणि रोटेशन डिफॉर्मर (तुकडा फिरवणारा) चढतात, आणि मग पॅरामीटर. पॅरामीटर म्हणजे एक स्लायडर. मान डावी-उजवीकडे वळवायचा अँगल एक्स, त्याची रेंज ठरलेली, उणे ३० ते ३०. रिगर स्लायडर उणे ३० वर नेतो, चेहरा त्या बाजूला कसा दिसेल तसा हाताने वाकवून ठेवतो, मग ३० वर नेऊन दुसरी बाजू, त्याला कीफॉर्म म्हणायचं. मधलं सगळं सॉफ्टवेअर स्वतः भरतं. या सगळ्या कामात कॅमेरा कुठेच नाही, कोणाचा चेहराही नाही, आहेत ते फक्त स्लायडर.

ट्रॅकिंग म्हणजे ते स्लायडर ओढणारा. व्हीट्यूब स्टुडिओसारखं ॲप कॅमेऱ्यातून तुमचा चेहरा बघतं, डोळा किती उघडा, डोकं किती कललंय याचे आकडे काढतं आणि ते आकडे मॉडेलच्या पॅरामीटरला नेऊन जोडतं. चित्र कसं वाकतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आता भजनातली पेटी घ्या, आतमधे सूर बसवणारा कारागीर वेगळा आणि समोर बसून वाजवणारा वेगळा, एखादी पट्टी आतून मुकी असेल तर वाजवणारा कितीही तयारीचा असू दे तिथे आवाज येणार नाही, आणि पेटी उत्तम लागलेली असून बोटंच चुकीची पडत असतील तर कारागिराला बोलावून काय उपयोग. इथेही तसंच.

आता एक डोळा नीट बघू कारण नव्वद टक्के तक्रारी डोळ्याच्याच असतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्व्हेचा नाही). रिगमधे डाव्या डोळ्याचा आय ओपन नावाचा पॅरामीटर असतो, ० म्हणजे पूर्ण मिटलेला, १ म्हणजे नेहमीसारखा उघडा. ० वर वरची पापणी खाली येऊन खालच्या रेषेवर बसली पाहिजे, पांढरा भाग पूर्ण दाबला गेला पाहिजे, आणि बुबुळाला पांढऱ्या भागाचा क्लिपिंग मास्क लावलेला असतो, म्हणजे पांढऱ्या भागाच्या बाहेर ते दिसतच नाही, त्यामुळे ते आपोआप लपतं. पांढरा भाग जरासा जरी उरला तर डोळा मिटल्यावर पापणीखाली एक पांढरी चीर दिसते. ती दिसली की शंभर टक्के रिगिंग. दुसरं, ० आणि १ अशी दोनच कीफॉर्म ठेवली की प्रत्येक बिंदू सरळ रेषेत खाली जातो, मग अर्धा मिटलेला डोळा विचित्र चपटा दिसतो, झोपाळलेला न दिसता आजारी दिसतो. चांगला रिगर ०.५ वर अजून एक कीफॉर्म टाकून पापणीची कमान सांभाळतो.

पण तुम्ही डोळे घट्ट मिटलेत आणि मॉडेल किलकिल्या डोळ्यांनी बघतंय, चीर वगैरे काही नाही, नुसताच थोडा उघडा राहतोय, तर ते बहुतेक ट्रॅकिंग. चष्मा असेल, डोळे मुळात बारीक असतील, किंवा कॅमेरा खालून वर बघत असेल तर तुमचे डोळे पूर्ण मिटलेले असतानाही ॲपला ० ऐवजी समजा ०.२ दिसतं. मॉडेल बिचारं प्रामाणिकपणे ०.२ एवढा उघडा डोळा दाखवतं. व्हीट्यूब स्टुडिओत प्रत्येक पॅरामीटरला आत येणाऱ्या आकड्याची रेंज आणि बाहेर जाणाऱ्या आकड्याची रेंज अशी दोन खाती असतात, आतल्या रेंजचा खालचा आकडा ० वरून ०.२ किंवा त्याहून थोडा वर करा, झालं. रिगरला एक रुपया द्यायची गरज नाही, दोन मिनिटांचं काम.

मानेचं पण असंच जुळं दुखणं आहे. चेहरा सरळ वर, सरळ खाली, डावीकडे, उजवीकडे छान जातो पण तिरका वर-डावीकडे नेला की नाक एकीकडे आणि हनुवटी भलतीकडे, तर रिगरने कोपरे केलेले नाहीत. अँगल एक्स आणि अँगल वाय (मान वर-खाली) दोन्ही एकाच डिफॉर्मरवर असले की ३ गुणिले ३ म्हणजे ९ कीफॉर्म होतात, त्यातले चार कोपरे वेगळे बसवावे लागतात, क्युबिझममधे कोपरे आपोआप तयार करायची सोय आहे पण त्यानंतर हाताने दुरुस्ती करावीच लागते, आणि घाईत हीच पायरी गळते. याउलट मान सगळीकडे नीट वळतेय पण तुम्ही समोर बघत असताना मॉडेल सारखं उजवीकडे बघतंय, तर कॅमेरा मॉनिटरच्या बाजूला ठेवलाय आणि कॅलिब्रेट केलेलं नाही, म्हणजे सरळ बघणं कोणतं ते ॲपला सांगितलेलं नाही, एवढंच. मान थरथरत असेल तर प्रकाश किंवा स्मूदिंग (आकड्यांचे झटके मऊ करणारी सेटिंग) बघा. स्मूदिंग वाढवलं की थरथर जाते पण मॉडेल उशिरा हलतं, दोन्ही एकदम मिळत नाही.

प्रकाशाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुपारी चारलाच अंधारून येतं आणि वेबकॅमचं ट्रॅकिंग प्रकाशावरच जगतं. खिडकी पाठीमागे ठेवून बसू नका, चेहरा काळा पडतो. दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावरून फिरत राहते आणि भुवया आपोआप नाचतात, हे मी प्रत्यक्ष बघितलंय, आणि त्यासाठी रिगरला भुवया "फिक्स" करायला सांगितलेलं पण बघितलंय. अजून एक, आपली वीज ५० हर्ट्झची, वेबकॅमच्या सेटिंगमधे अँटी-फ्लिकर ६० वर राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात, ते ५० करा. फेस आयडीवाला आयफोन इथे बराच तग धरतो कारण त्याचा पुढचा कॅमेरा चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकून चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजतो, नुसत्या उजेडावर अवलंबून नाही. आणि फोनमधून कॉम्प्युटरकडे व्हिडिओ जात नाही, नुसते आकडे जातात, त्यामुळे वायफाय अगदी भारी पाहिजे असं काही नाही, फक्त दोन्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत, नाहीतर सरळ केबल लावा.

आता पैशाची गोष्ट, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. आयफोनचं एआरकिट (चेहरा ओळखणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) चेहऱ्याच्या ५२ हालचाली वेगवेगळ्या सांगतं, जबडा, ओठांचा चंबू, फुगलेले गाल, बाहेर काढलेली जीभ, सगळं. पण तुमच्या मॉडेलमधे तोंडाचे दोनच पॅरामीटर असतील, तोंड किती उघडं आणि तोंडाचा आकार हसरा की पडलेला, तर उरलेले आकडे जाणार कुठे? 'ऊ' म्हटलं तरी ओठ गोल होणार नाहीत कारण गोल ओठ कोणी काढून वाकवून ठेवलेलेच नाहीत. नवा फोन घेऊन मॉडेल सुधारत नाही ते यामुळे. उलट बाजूने, गाल फुगवणं आणि जीभ यांच्यासकट महागडं रिग करून घेतलं आणि समोर साधा वेबकॅम ठेवला, तर ते पैसे पडूनच. वेबकॅमसाठी आता मीडियापाइपचा (गूगलचं चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर) ट्रॅकर मिळतो, तो आधीच्यापेक्षा पुष्कळ जास्त हालचाली ओळखतो, पण जीभ काही त्याला कळत नाही. माझं मत विचाराल तर साध्या वेबकॅमवर बसणाऱ्याने आधी डोळे आणि मानेचं रिग उत्तम करून घ्यावं, जीभ राहू दे.

फिजिक्स मात्र या भांडणात मधेच लटकतं. ओळखीतल्या एका मुलीचं मॉडेल आहे, लाल चौकड्यांची कुणबी साडी आणि केसात अबोलीचा वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा. वळेसर झुलतो तो फिजिक्समुळे (केस, कपडे आपोआप झुलवणारी सोय), मान किती वळली हा आकडा आत घेऊन एक लंबक हलतो आणि तो लंबक वळेसराचा स्लायडर ओढतो. लंबकाची लांबी, किती जोरात हलायचं, किती लवकर थांबायचं हे रिगर क्युबिझममधे ठरवतो, म्हणजे रिगिंग. पण ट्रॅकिंगमधून येणारी मान थरथरत असेल तर तो वळेसर वारा सुटल्यासारखा फडफडतो, आणि व्हीट्यूब स्टुडिओतही फिजिक्सचा जोर आणि वारा असे दोन स्लायडर असतात, ते कोणी चुकून वर ढकलले असतील तर रिगर बिचारा काय करणार. साडीचं प्रकरण मात्र निखळ रिगिंगचं. साध्या कापडावर वार्प डिफॉर्मर थोडा वेडावाकडा पडला तर कोणाला कळत नाही, चौकड्यांवर लगेच कळतं, अंग कललं की छातीवरचे चौकोन ताणून पतंगासारखे होतात आणि खांद्यावरच्या गाठीपाशी रेषा तुटतात. अशा डिझाइनला रिगर जास्त पैसे मागत असेल तर घासाघीस करू नका, काम खरंच जास्त आहे.

मग ठरवायचं कसं? कॅमेरा बंद करा. क्युबिझम व्ह्युअर फुकट मिळतो, त्यात आपलं मॉडेल उघडा आणि बिघडलेला स्लायडर हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. तिथेही वाकडं दिसलं तर रिगिंग. तिथे मस्त चाललं तर व्हीट्यूब स्टुडिओत जाऊन त्या पॅरामीटरचा आत येणारा आकडा बघा, तुम्ही तोंड उघडताय आणि आकडा हलत नाही तर ट्रॅकिंग, आकडा हलतोय पण मॉडेल हलत नाही तर जोडणीच चुकलीय, बहुतेक वेळा तो आकडा भलत्याच पॅरामीटरला जोडलेला असतो किंवा कुठेच नसतो.

फाइल्सचा घोळ पण याच फरकातून होतो. रिगरची मूळ फाइल सीएमओ३, तुम्हाला मिळते ती मॉक३, आणि मॉक३ परत एडिटरमधे उघडून दुरुस्त करता येत नाही. दुसऱ्या रिगरकडे काम न्यायचा विचार असेल तर मूळ फाइल मिळणार का हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा, बरेच जण देत नाहीत किंवा वेगळे पैसे घेतात. तुम्ही रात्र रात्र जागून लावलेल्या ट्रॅकिंगच्या रेंज मात्र या दोन्हीत नसतात, त्या मॉडेलच्याच फोल्डरमधल्या व्हीट्यूब जेसन फाइलमधे असतात. म्हणून रिगरने दुरुस्त मॉडेल पाठवलं की जुना फोल्डर उडवून नवा टाकू नका, आधी त्याची एक कॉपी बाजूला ठेवा आणि मग रिगरने दिलेल्या फाइल्स जुन्यांवर तेवढ्या पेस्ट करा. आणि त्याला तक्रार पाठवताना स्ट्रीमची क्लिप नको, व्ह्युअरमधे स्लायडर ओढतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा, पॅरामीटरचं नाव दिसेल असं.