पाळीचे पाणी आणि बारमाही पिके

ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली की हलक्या जमिनीतले सोयाबीन ऐन फुलोऱ्यात माना टाकते. त्या वेळी पाण्याची एक पाळी, म्हणजे एकदाचे भिजवण, मिळाली तर शेंगा धरतात. ती हुकली, तर सप्टेंबरच्या पावसाने पाने हिरवी होतात, पण गळून गेलेली फुले परत येत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने हवामानबदलामुळे शेती उत्पन्नात सरासरी १५ ते १८ टक्के आणि सिंचन नसलेल्या भागात २० ते २५ टक्के घट संभवते, असे म्हटले होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात अशा एका-दोन पाळ्यांचा वाटा मोठा आहे. ही पाळी मिळावी म्हणून गेल्या दीडशे वर्षांत इथे बरेच काही बांधले गेले. बहुतेक वेळा त्या पाण्याने ऊस, फळबाग अशा बारमाही पिकाची वाट धरली.

धुळे-नाशिक भागातली फड पद्धत कालव्यांच्या आधीची. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि खालच्या लाभक्षेत्राचे तीन-चार फड, म्हणजे भाग, पाडायचे. एका फडात एकच पीक आणि दरवर्षी फेरपालट. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे. नदीला पाणी कमी आले, तर त्या वर्षी भिजणारे क्षेत्र सगळ्यांचेच आक्रसायचे. टंचाई वाटून घ्यायची ही सोय पुढच्या योजनांमध्ये क्वचितच दिसते.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांना जोर आला. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. ज्वारी-बाजरी वाचवणे हा हेतू होता. पण पाऊस बरा झाला की धान्यपिकाला कालव्याचे पाणी कोणी मागत नसे आणि पाणीपट्टी बुडे. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते मो. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक गटांना अनेक वर्षांची पाण्याची हमी द्यायची आणि गटाच्या ठरावीक भागातच ऊस करू द्यायचा. कालव्याचा हिशेब जुळला, पण उसाचे पाणी कागदावर पक्के झाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये झाले, पुढे प्रवरेच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे पाणी न मिळण्याचे गाऱ्हाणे तेव्हापासूनचे आहे.

१९७२ च्या दुष्काळाने दोन गोष्टी झाल्या. रोजगार हमीतून पाझर तलाव आणि नालाबांध झाले, शिवाय विंधन विहिरींची यंत्रे गावोगाव पोहोचली. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, पाण्याच्या बाबतीत मुळात कंजूष. पाणी राहते ते वरच्या कुजक्या मुरमात आणि फटींत, त्यामुळे एकाने खोल बोअर घेतले की शेजारची चाळीस फुटांची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते.

याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. तेवढ्याच पाण्यात जास्त घरांचे हंगामी पीक निघे. पण जिथे उसाला हमखास गिऱ्हाईक आणि कर्ज होते, तिथे हा नियम कोण पाळणार? २०१२ मध्ये सिंचन श्वेतपत्रिकेवरून गदारोळ झाला, तोही धरणांवरचा खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांचा मेळ बसेना म्हणूनच.

धरणाचे पाणी पोहोचेना, तेव्हा पाणी शेतातच साठवायचा विचार पुढे आला. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्याला कमाल ५० हजार रुपये अनुदान होते. बाजूंना एकास एक उतार दिला, तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एकराला ५ सेंटिमीटरची पाळी म्हणजे २ लाख लिटर. कागदावर अकरा पाळ्या. पण भर उन्हाळ्यात रोज ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर भरलेल्या तळ्यावरून दिवसाला सहा हजार लिटरहून जास्त पाणी उडते. अस्तर नसेल आणि तळ मुरमाड असेल, तर पाझर त्याहून मोठा. तो विहिरीला मिळतो, वाया जात नाही. पण तळ्यात राहत नाही. म्हणून अशा तळ्याचे पाणी खरिपात पावसाचा खंड पडेल तेव्हाच वापरावे, उन्हाळ्यासाठी राखू नये.

शिवाय तळे ओघळाच्या वाटेवर हवे. आत येणाऱ्या पाण्यासाठी आधी गाळ बसायचा खड्डा आणि सांडव्याला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, नसेल, तर एकाच ढगफुटीसारख्या पावसात बांध फुटतो किंवा दोन-तीन वर्षांत गाळाने खोली निम्म्यावर येते.

प्रत्यक्षात नाशिक, नगर, सोलापूरच्या फळबाग पट्ट्यात तळ्यांना ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला गेला आणि ती पावसाऐवजी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरू लागली. पावसाळ्यात उपसायचे, तळ्यात कोंडायचे, उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षाला द्यायचे. त्या शेतकऱ्याचे उत्पन्न सावरते, हे खरे. मात्र जमिनीखाली सुरक्षित असलेले सामाईक पाणी उन्हात आणून ठेवले जाते आणि ज्याच्याकडे कागदाचे पैसे नाहीत त्याची विहीर आधी आटते. ठिबकचेही तसेच. वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही, त्यावर आणखी दोन एकर बाग वाढते.

पावसाच्या खंडात वेळ महत्त्वाची, आणि इथे वीज आडवी येते. ताशी ३० हजार लिटर देणाऱ्या पंपाला एक एकर पाटाने भिजवायला जवळपास सात तास लागतात, म्हणजे रात्री मिळणाऱ्या आठ तासांच्या विजेत जेमतेम एक एकर. तुषार सिंचनाने ३ सेंटिमीटर दिले, तर १ लाख २० हजार लिटरमध्ये, चार तासांत काम होते. चार एकरांचे सोयाबीन असेल तर चार रात्री आणि दोन रात्री, एवढा फरक. सौर पंपाने रात्रीचे जागरण वाचते, पण बिल नसल्याने उपसा थांबवायला कारणही उरत नाही. त्यामुळे सौर पंप देताना त्या शिवारातल्या विहिरींची ऑक्टोबरअखेरची पाणीपातळी मोजून, रब्बीत किती एकर भिजवायचे हे गावाने आधी ठरवावे लागते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची रीत बसवली आहे आणि तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.