गोल्फचा स्विंग : पाव सेकंदाआधीची तयारी

ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत दूर मारण्यासाठीच्या क्लबचा (गोल्फच्या काठीचा), फटका बसताना क्लबचे डोके आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, टिकतो. हातांना बसलेला धक्का मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचेतो चेंडू एखादा मीटर तरी पुढे गेलेला असतो. क्लब खाली आणणारा डाउनस्विंगही कसलेला खेळाडू सुमारे पाव सेकंदात पूर्ण करतो. चूक लक्षात येऊन स्नायूंनी ती दुरुस्त करायला जवळजवळ तेवढाच वेळ लागत असल्याने मध्येच सुधारणेला फारसा वाव उरत नाही. क्लबची पकड, उभे राहण्याची ढब, शरीराचा रोख आणि चेंडूची जागा या गोष्टी मात्र सावकाश तपासता येतात. नवशिक्यांचा धडा समजून त्यांकडे पाठ फिरवणारे हौशी खेळाडू सुधारणेचा सर्वांत हुकमी मार्ग सोडून देतात, असे मला वाटते.

यांत पकडीला पहिला मान द्यावा लागतो. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. रडारने मोजमापे होऊ लागल्यावर स्पष्ट झाले की त्याची सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबफेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) रोखावर ठरते, आणि हा रोख व मार्ग यांच्यातील फरकामुळे चेंडू पुढे हवेत वळतो. फेस अवघा एक अंश उघडा, म्हणजे लक्ष्यरेषेपासून बाहेर वळलेला, राहिला, तरी 200 मीटरवर चेंडू सुमारे 3 मीटर बाजूला जातो आणि वळणाची भर त्यात वेगळी पडते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात दांड्यावर किती फिरवून ठेवला आहे, यावर फेस आघाताच्या क्षणी कसा येईल हे बरेचसे अवलंबून असल्यामुळे, वर्षानुवर्षांच्या स्लाइसचे (चेंडू हवेत उजवीकडे वळत जाण्याच्या दोषाचे) मूळ पुष्कळदा पकडीत सापडते.

पकड किती घट्ट असावी, याचे उत्तर यांत्रिकीत आहे. 1960 च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी स्विंगकडे दुहेरी लंबक म्हणून पाहिले : खांद्याभोवती फिरणारे हात हा पहिला लंबक आणि मनगटाशी सांधलेला क्लब हा दुसरा. आघातापूर्वी हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा क्लबकडे जाते. मात्र त्यासाठी मनगट मोकळे हवे. व्यावसायिक खेळाडूच्या क्लबचे सुमारे 200 ग्रॅमचे डोके ताशी 180 किलोमीटर वेगाने फिरताना हातांवर जवळजवळ 40 किलो वजनाएवढी ओढ पडते, पण ती अखेरच्या क्षणांतच. तेव्हा बोटे आपोआप आवळली जातात. सुरुवातीपासूनच क्लब करकचून धरणारा खेळाडू मनगट जखडून टाकतो आणि वेग गमावतो.

रोखाबाबत डोळे फसवतात, कारण खेळाडू लक्ष्यरेषेच्या बाजूला उभा असतो. चेंडूच्या पुढे हातभर अंतरावरची गवताची एखादी काडी हेरून क्लबफेस तिच्याकडे वळवण्याची नामवंत अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलस यांची पद्धत अनुकरणीय आहे. फेस नीट झाल्यावरच पावले त्या रेषेला समांतर ठेवावीत.

चेंडूची जागा क्लबनुसार बदलते. आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचा) फटका क्लब खाली येत असताना बसावा म्हणून चेंडू पावलांच्या मध्याजवळ ठेवतात, तर टीवरचा (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवरचा) चेंडू ड्रायव्हर वर जाऊ लागताना लागावा यासाठी तो पुढच्या टाचेच्या रेषेत असतो.