विक्का आणि ड्रुइड मार्ग: सण तेच, ओढ वेगळी

ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्लंडमधील एखाद्या गावाबाहेर दहा-बारा माणसे वर्तुळ करून उभी आहेत, चारही दिशांना आवाहन करीत आहेत आणि वर्षभरात गेलेल्या आप्तांची नावे एकेक करून घेत आहेत, असे दृश्य दिसले, तर ती माणसे विक्का मार्गाची की ड्रुइड, हे नवख्याला ओळखता येणे कठीण आहे. दोन्ही पेगन, म्हणजे युरोपातील ख्रिस्तपूर्व धर्मांपासून प्रेरणा घेणारे मार्ग आहेत, दोन्ही निसर्गाला पवित्र मानतात आणि दोघांचे आठ सणही तेच आहेत.

या साम्याचे मूळ शोधायला फार मागे जावे लागत नाही, कारण ते विसाव्या शतकातील दोन मित्रांपाशी सापडते. जेरल्ड गार्डनर हे आशियातील ब्रिटिश वसाहतींत नोकरी करून परतलेले निवृत्त अधिकारी होते. चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर, १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून त्यांनी विक्का मार्ग लोकांसमोर मांडला. त्यांचे स्नेही रॉस निकोल्स हे कवी आणि शिक्षक होते. त्यांनी १९६४ मध्ये बार्ड (कवी-गायक), ओव्हेट (द्रष्टा) आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्यांचा संघ स्थापन केला. दोन अयनदिन, दोन संपातदिन आणि त्यांच्या मधोमध येणारे चार जुने हंगामी सण यांचे आजचे चक्र साधारण याच काळात आणि याच मंडळींमध्ये आकाराला आले.

प्राचीनतेचा दावा दोन्हीकडे झाला आणि दोन्हीकडे तो टिकला नाही. चेटकीण म्हणून ज्यांना मारले गेले ते ख्रिस्तपूर्व धर्माचे गुप्त अनुयायी होते, ही ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांची १९२१ मधील मांडणी इतिहासकारांनी नाकारली आहे. प्राचीन ड्रुइड, म्हणजे केल्टिक लोकांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवीत नसत आणि तिच्या पाठांतरासाठी काही जण वीस वर्षे घालवीत, असे ज्युलियस सीझर नोंदवतो. साहजिकच ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली. आधुनिक ड्रुइड विधींचा बराच भाग योलो मोर्गानुग या वेल्श कवीपर्यंत जातो. त्याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर मेळा भरवला आणि स्वतः रचलेला मजकूर प्राचीन म्हणून पुढे केला. हे सारे ठाऊक असूनही माणसे या मार्गांवर राहतात, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण त्यांची निवड पुरातनतेवर टेकलेली नसेल, तर ती कशावर उभी आहे हे विचारावेच लागते.

विक्काकडे वळणाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, बोलण्यात एक कारण पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे देवी. ज्या प्रार्थनाघरात ईश्वराला केवळ पिता म्हटले जाते तेथे लहानाची मोठी झालेली स्त्री जेव्हा देवीच्या नावाने म्हटलेले आवाहन प्रथम ऐकते, तेव्हा आपल्या देहाला आणि वयाला धर्मात जागा मिळाल्याची जाणीव तिला होते. घरोघरी देवीचे नवरात्र बसणाऱ्या मराठी वाचकाला या जाणिवेचे मोल एकदम उमगणार नाही, म्हणून ते आवर्जून सांगितले पाहिजे. डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९५० च्या दशकात नव्याने रचलेले देवीचे उद्गार आजही या विधींच्या केंद्रस्थानी आहेत. चंद्राला खाली उतरवण्याच्या विधीत पुजारिणीच्या ठायी देवी प्रकट होते असे मानतात. आपल्याकडील अंगात येण्याशी याचे साम्य जाणवते, पण येथे ते बंद वर्तुळात, ठरलेल्या आवाहनाने आणि दीक्षितांसमोरच घडते.

दुसरे कारण दीक्षेचे आहे. पारंपरिक विक्कात ‘कोव्हन’ म्हणजे लहान, परस्परांना जपणारा गट असतो, दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात आणि विधींची वही हाताने उतरवून घ्यावी लागते. गुप्तता आणि जवळीक ज्यांना हवीशी वाटते ते येथे येतात. एकट्याने साधना करणारे पुढे बरेच वाढले, तरी जादू हा या मार्गाचा अविभाज्य भाग राहिला. ‘कोणालाही इजा होणार नसेल तर इच्छेनुसार वाग’ हे त्यामागचे सूत्र असल्याने आपल्याकडील करणी किंवा जादूटोण्याच्या कल्पनेने तिच्याकडे पाहणे चुकीचे ठरेल.

ड्रुइड मार्गावर येणाऱ्या माणसाची ओढ बहुधा एखाद्या जागेची असते: ठरावीक टेकडी, ओकचे झाड, नदीचा उगम. विधी उघड्यावर, परंपरेच्या शब्दांत सांगायचे तर ‘सूर्याच्या डोळ्यांदेखत’ होतात आणि अनेक ठिकाणी वाटसरूलाही उभे राहता येते. येथे जादूची जागा ‘आवेन’ घेते. या वेल्श शब्दाचा अर्थ काव्यस्फूर्ती असा आहे. पहिली पायरीच बार्डची, म्हणजे कवी-गायकाची असल्यामुळे, ज्याला श्रद्धेपेक्षा आधी शब्द आणि गाणे सापडले त्याला हे दार सोपे वाटते. अमुकच देव माना असा आग्रह नसतो, त्यामुळे ख्रिस्ती राहूनही ड्रुइड असलेली माणसे आढळतात. निकोल्स यांच्या संघाचे शिक्षण १९८८ पासून टपालाने मिळू लागल्यामुळे गटाची सोय नसलेल्यांनाही घरबसल्या सुरुवात करता आली.

पुष्कळांना या दोन मार्गांमध्ये रेघ ओढावीशी वाटतच नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म नुसता ‘पेगन’ असा लिहिला, तर विक्का लिहिणारे सुमारे १३,००० होते.